फसकी बंद झाली तो बाजार

आमच्या गावच्या बाजारातली फसकी कशी बंद झाली, याविषयी हल्ली ज्या हकीकती सांगितल्या जातात त्यांपैकी एकही खरी नाही. हायस्कूलच्या स्मरणिकेत एका निवृत्त प्राध्यापकांनी छापून ठेवले आहे की राजेसाहेबांनी प्रजेवरील प्रेमापोटी ती आपण होऊन माफ केली. एका पुढाऱ्यांनी मागच्या निवडणुकीच्या सभेत असे ठोकून दिले की त्यांच्या वडिलांनी राजवाड्यावर मोर्चा नेला आणि गरिबांचा घास सोडवून आणला. मोर्चा निघालाच नव्हता. ज्या गुरुवारी तो निघाला असे ते म्हणतात त्या गुरुवारी त्यांचे वडील उंब्रजला एका लग्नात जिलेबी खात होते. माझे मामा त्यांच्याच पंगतीत होते. तिसरी हकीकत न्हाव्याच्या दुकानात सांगितली जाते आणि ती माझ्याविषयी आहे. फसकी घेताना माझा हात मडक्यात अडकला आणि मडके फोडून तो काढावा लागला, अशी ती आहे. हे सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या वेळी जन्मलेला नव्हता. मी जिवंत आहे, माझी आठवण शाबूत आहे, आणि ज्या हाताविषयी हे बोलले जाते त्याच हाताने मी हे प्रकरण लिहीत आहे.

आमचे संस्थान कृष्णाकाठचे, लहान. सातारकर त्याला सांगलीकडचे म्हणत आणि सांगलीकर साताऱ्याकडचे. मला कळू लागले तेव्हा ते विलीन होऊन गेलेले होते. राज्य, वसूल, कचेरी, तुरुंग, शाळा, सगळे सरकारजमा झाले. त्या बदल्यात दिल्लीच्या तिजोरीतून राजेसाहेबांना सालाचा तनखा येई. राजवाडा, नदीकाठचा थोडा ऊस आणि गावाचा बाजारतळ एवढे त्यांच्या खासगी मालकीचे म्हणून राहिले. लोकांच्या पैशांवर राजा का पोसावा, असे तेव्हाही विचारले जाई. राज्याचा सगळा वसूल घेऊन त्यातला एक तुकडा परत देणे याला भीक म्हणावे की भाडे, हा वाद मी सांगलीच्या कॉलेजात असताना वक्तृत्व स्पर्धेत घातला होता. एका वर्षी एका बाजूने, पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूने, आणि दोन्ही वेळा पहिला आलो होतो. तेव्हा या विषयावर मला कोणी नव्याने शिकवू नये.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, राजवाड्याच्या कोठीचे कारभारी होते. कोठी म्हणजे दाणागोट्याचे भांडार. तिथूनच मुदपाकखान्याला, म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघराला, रोजचा शिधा निघे. आमचे घर कोठीच्या भिंतीला लागून होते. त्यामुळे पहाटे जाग येई ती तांब्याच्या हंड्यांच्या घासण्याने आणि पाट्यावर वाटण वाटणाऱ्या बायकांच्या बांगड्यांनी. दर गुरुवारी दुपारी मात्र आवाज बदलत. बाजारातून फसकी येई, सुपे बाहेर निघत आणि पाखडणे, निवडणे, चाळणे संध्याकाळपर्यंत चाले.

फसकी म्हणजे मूठ. बाजारतळ राजेसाहेबांचा, म्हणून तिथे बसणाऱ्या प्रत्येकाने आपल्या मालातली एक मूठ राजवाड्याला द्यायची, हा रिवाज संस्थानाच्याही आधीचा असावा. मिरचीवालीकडून मूठभर मिरची, डाळवाल्याकडून मूठभर डाळ, गूळवाल्याकडून खडा, कुंभाराकडून वर्षाला एक झाकणी. याचा परिणाम असा, की कोठीत कोणतीही वस्तू एका जातीची नसे. मिरचीत तीन गावच्या मिरच्या. डाळ तर काय विचारावी! तूर, मूग, मसूर, मटकी, कुळीथ सगळे एकत्र. ते वेगळे करण्याची खटपट कोणी करत नसे. त्या मिसळीची आमटी मोठ्या हंड्यात रटरटत असे, वरून लसणाची फोडणी पडली की आमच्या अंगणापर्यंत ठसका येई. पुढे मी पुष्कळ ठिकाणी जेवलो, नामांकित ठिकाणी जेवलो. तशी आमटी मिळाली नाही. आमच्या सूनबाई पाच डाळी विकत आणून मोजून मिसळतात. चांगली होते, पण ती पाच डाळींची आमटी होते.

ती आमटी राजेसाहेबांच्या ताटात जात नसे. राजेसाहेबांना पथ्य होते, ते फुलका आणि दुधीची भाजी खात. आमटी असे पंगतीची. संस्थान गेल्यावर ज्यांना काम उरले नव्हते, पण ज्यांचे दुसरे कोणी नव्हते, अशी राजवाड्याची जुनी माणसे रोज दुपारी मुदपाकखान्याच्या ओसरीवर जेवायला बसत. त्यांत नगारखान्यातले दोघे होते, पागेतले, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार होते, म्हाताऱ्या दासी होत्या आणि तोफ डागण्याच्या धुराने दृष्टी गेलेले बाबाजी तोफवाले होते. राज्य गेले तेव्हा राजाला तनखा मिळाला. यांना कोणी काही दिले नव्हते. यांचा तनखा म्हणजे ही पंगत. जे लोक हल्ली संस्थानिकांचा हिशेब मांडतात ते या ओळीपाशी कधी थांबत नाहीत, म्हणून मी थांबलो.

फसकी घेण्याचे काम सारजामावशींकडे होते. त्या राणीसाहेबांच्या माहेराहून आलेल्या, अंगाने किरकोळ, आणि त्यांचा हात एखाद्या मुलीचा असावा इतका लहान. त्या काळी बाजाराला फसकी जाचत नसे याचे खरे कारण तो हात होता, प्रेम नव्हे. मावशी आल्या की चेष्टा सुरू होई. "मावशे, आज नखं वाढवून आलीयास काय?" असे गूळवाला विचारी. "तुज्या गुळाला माशा लय, त्यास्नी सोडून घेते," असे म्हणून त्या खडा उचलीत.

मग तनखे बंद झाले. ती बातमी आम्ही कोठीतल्या रेडिओवर ऐकली. आबांनी रेडिओ बंद केला आणि संध्याकाळचे तांदूळ काढायला गेले.  पुढच्या महिन्यांत मोटार गेली, मग राहिलेली दोन घोडी गेली, मग दिवाणखान्यातली झुंबरे पोत्यांत भरून सांगलीला रवाना झाली. आता पंगतीची पाळी येणार हे सर्वांना दिसत होते. जी डाळ-मिरची फसकीतून येई ती पुरत नसे. तूट नेहमी तनख्यातून भरली जात असे. तांदूळ, तेल, सरपण सगळेच विकतचे होते.

राजेसाहेबांचे पुतणे, ज्यांना आम्ही धाकटे सरकार म्हणत असू, ते पुण्याहून कारभार सावरायला आले होते. माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता. त्यांनी कोठीत उभे राहून एका गुरुवारची फसकी पाहिली आणि आबांना म्हणाले, "कोठीवाले, एवढ्या चिमटीवर पंगत चालायची नाही. रिवाज मुठीचा आहे ना? मग मूठ मुठीसारखी पाहिजे." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले.

मी तेव्हा सुट्टीत घरी आलेलो होतो. पलूसच्या मैदानात त्या हंगामात माझ्या तीन कुस्त्या निकाली झालेल्या होत्या. माझा पंजा मोठा होता हे मी सांगण्याची गरज नाही. तो अजूनही आहे. आबा म्हणाले, "सरकार, तो कॉलेजात आहे." धाकटे सरकार म्हणाले, "मग त्याला समजेल. फसकी कमी पडली तर दिवाळीनंतर पंगत बंद करावी लागेल. कुणाला उठवायचं ते तुम्ही सांगा."  पुढच्या बाजारी पाटी घेऊन मी गेलो. मला कोणी ढकलले नाही. बाबाजी तोफवाल्यांनी, त्यांना दिसत होते तेव्हा, मला खांद्यावर बसवून नदी दाखवली होती, त्यांना ओसरीवरून उठवण्यापेक्षा बाजारात चार शिव्या खाणे मला सोपे वाटले, आणि आजही तसेच वाटते.

शिव्या कोणी दिल्या नाहीत. तेच अवघड होते. सारजामावशी मला जागा दाखवत पुढे चालल्या होत्या. पहिली बसली होती तानूबाई, मिरचीवाली, जिच्या तोंडाला बाजारात सगळे वचकून असत. मी वाकून मूठ भरली. तिने मुठीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मावशे, ह्यो हात हाय का खोरं?"

"आबांचा थोरला हाय," मावशी पुटपुटल्या.

"ते दिसतंय की. घे बाबा पैलवान, पाटीबी घेऊन जा. रिकामी कुठं वागवू मी?"

मी मूठ मोकळी केली नाही. दाणेबाजारात गेलो, गूळवाल्याकडे गेलो, हळदवाल्याकडे गेलो. मूठ केवढी असावी याचा नियम नव्हता. हात राजवाड्याचा असला की झाले. त्यामुळे हरकत कशी घ्यावी हे कोणाला सुचेना. मावशींशी होणारी चेष्टाही थांबली. त्या दिवशी पाट्या शिगोशीग भरून आल्या. पंगतीत आमटी घट्ट होती. आई मात्र नेहमीसारखी निवडायला बसली नाही. डोके दुखते म्हणाली.

पुढच्या गुरुवारी मी बाजारात शिरलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. साऱ्या बाजारात मडकी मांडलेली होती. पाट्या नाहीत, पोती नाहीत, पसरलेली गोणपाटे नाहीत. डाळ मडक्यात, मिरची मडक्यात, हळकुंडे मडक्यात, आणि प्रत्येक मडक्याचे तोंड एवढे निमुळते, की त्यात सारजामावशींचा हात जावा आणि माझा जाऊ नये. गुळाच्या ढेपा अखंड, फोडलेली एकही नाही. कुंभार आपल्या रिकाम्या जागेवर मांडी घालून विडी ओढत बसला होता. त्याचा सगळा माल आदल्या दिवशीच खपला होता.

तानूबाईने पदर सावरला. "या पैलवान. मूठ भरा. आमी कुठं न्हाई म्हनतोय? रिवाज हाय न्हवं?"

बाजार हसला. आणि आता त्या न्हाव्याच्या दुकानातल्या मंडळींनी लक्ष देऊन वाचावे. मी हात घातला नाही. मडक्याचे तोंड मला दिसत होते, माझा हात मला ठाऊक होता, आणि दोन्हींचा मेळ घालण्याएवढी बुद्धी सांगलीच्या कॉलेजात जाण्यापूर्वीच माझ्याजवळ होती. मी मावशींना म्हणालो, "मावशी, तुम्ही घ्या." मावशींनी मान हलवली. "मला न्हाई रं जमायचं आता. मी घातला तर त्यांची नवी मडकी वाया गेली की." आम्ही रिकाम्या पाट्या घेऊन परत फिरलो. एवढेच घडले. हात अडकला ही गोष्ट मागाहून कोणीतरी जोडली, कारण लोकांना हातापेक्षा अडकलेला हात जास्त आवडतो.

त्या दुपारी पंगतीला कण्या आणि ताक होते. कोणी कुरकुर केली नाही. बाबाजींनी फक्त विचारले, "बाजार भरला न्हाई व्हय आज?"

धाकटे सरकार संतापले. "जागा आपली आहे. फोडा ती मडकी." आबांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उत्तर दिले. "फोडायची तर मोठ्या सरकारांना विचारून फोडू." मग आम्ही तिघे राजेसाहेबांपुढे गेलो. ते खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले.

"मडकी लोकांकडे होती?"

"नाही सरकार," आबा म्हणाले. "कुंभाराकडून विकत घेतली."

"म्हणजे आमच्या हातापासून माल राखायला लोकांनी पदरचा पैसा घातला." ते आबांकडे वळले. "येत्या गुरुवारी आम्ही येतो. तुम्ही पैसे बरोबर घ्या, कोठीवाले. आणि चिरंजीव पाटी घेतील."

राजेसाहेब बाजारात कधी आलेले नव्हते. दसऱ्याला त्यांची पालखी बाजाराच्या कडेने जाई तेवढीच. त्या गुरुवारी ते पायी आले. साधा पांढरा अंगरखा, हातात काठी, मागे आबा, त्यांच्या मागे मी आणि मावशी. बसलेला बाजार उठून उभा राहिला. मडकी तशीच मांडलेली होती. कोणालाही वाटले असते की ते आता भाषण करतील. प्राध्यापकांनी स्मरणिकेत ते भाषण दिलेही आहे, अवतरणचिन्हांत, अर्धे पान. राजेसाहेब भाषण करणारे नव्हते. ते तानूबाईपुढे थांबले आणि म्हणाले, "मिरची काय भाव?"

तानूबाईने इकडेतिकडे पाहिले. मग भाव सांगितला.

"ठीक," राजेसाहेब म्हणाले आणि आबांकडे वळले, "द्या."

"आवं सरकार!" तानूबाई एकदम ओरडली. "ठीक काय? कमी करा म्हना की!"

"का बरं? भाव तुम्हीच सांगितलात ना?"

"सांगितला. पर त्यो सांगायचा भाव हाय. घ्यायचा न्हवं."

"मग घ्यायचा भाव सांगा."

"त्यो तुमी माज्याकडनं काढायचा आसतोय. मी कसा सांगू?"

राजेसाहेब खरोखर गोंधळले. "आम्हांला ते येत नाही," ते म्हणाले.

"मग शिका," तानूबाई म्हणाली. "तनखा बंद झालाय न्हवं?"

 आबांचा चेहरा उतरला. तानूबाईच्या मागे उभ्या असलेल्या तिच्या जावेने तिला चिमटा काढला. राजेसाहेब काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

"झाला आहे," ते म्हणाले. "काय म्हणायचं असतं ते सांगा."

"निम्म्यानं म्हना."

"निम्म्याने द्या."

"निम्म्यानं?" तानूबाईने छातीवर हात मारला. "माजी मिरची काय वाटंवर पडलीया व्हय?"

"माफ करा," राजेसाहेब घाईने म्हणाले. "तुमचा पहिला भाव घ्या."

"मागं न्हाई सरायचं, सरकार!" तानूबाई जवळजवळ रडकुंडीला आली होती. "तितंच हुबं ऱ्हायाचं! मी वर्डतीया ते वर्डू द्या!"

आणि बाजार हसला. आदल्या गुरुवारी मला हसला होता तसा नव्हे. मोठ्याने, पोट धरून. कुंभाराला तर ठसका लागला. राजेसाहेबही हसले. मग ते तिथेच उभे राहिले, तानूबाई ओरडत राहिली, आणि थोड्या वेळाने घ्यायचा भाव निघाला. आबांनी पैसे दिले. तानूबाईने ते मोजून कमरेला लावले, मडके दोन्ही हातांनी उचलून माझ्या पाटीत तोलून मिरची ओतली आणि वर एक चिमूटही जास्त घातली नाही. लोकांनी त्या दिवशी राजेसाहेबांना माल फुकट दिला, असे स्मरणिकेत लिहिले आहे. दिला नाही. डाळवाल्याने पैसे घेतले, गूळवाल्याने घेतले, हळदवाल्याने तर शिकाऊ गिऱ्हाईक पाहून चांगलेच घेतले. मी पाटी घेऊन मागे उभा होतो आणि माझ्या मते तो व्यवहार त्या बाजारात झालेला सर्वांत सभ्य व्यवहार होता. त्याला माफी म्हणणे हा राजेसाहेबांचा अपमान आहे आणि मोर्चा म्हणणे हा तानूबाईचा.

फसकी कोणी बंद केली असे विचाराल तर त्या दिवसापासून ती कोणी घेतली नाही, इतकेच उत्तर आहे. पुढे बाजारतळ ग्रामपंचायतीला भाड्याने गेला आणि त्या भाड्यावर पंगत शेवटचे माणूस असेपर्यंत चालली. पंचायत ते भाडे बाजारकर लावूनच भरत असे, म्हणजे तानूबाईचा पैसा फिरून राजेसाहेबांकडेच येत होता, हे माझ्या लक्षात आलेले आहे. कोणी पत्र लिहून कळवू नये. आज तिथे काँक्रीटचे ओटे आहेत, ठेकेदाराचा माणूस पावती फाडतो, बाया फोन पुढे करून पैसे भरतात, आणि त्याच्याशी चेष्टा करताना मी कोणाला पाहिलेले नाही.

राजेसाहेब बाजारात गेले त्या दुपारी मुदपाकखान्यात प्रथमच एका डाळीची आमटी शिजली. पंगत बसली. वाढायला मी होतो. बाबाजी तोफवाल्यांनी पहिला घास घेतला आणि मान उचलली.

"पैलवान, ही कुठली आमटी?"

"तुरीची आहे, बाबाजी. विकत आणली. सरकार स्वतः बाजारात गेले होते."

त्यांचा घास हातातच राहिला. शेजारच्या मोतद्दारानेही हात थांबवला. मी दुसऱ्यांदा वाढायला वाकलो तेव्हा बाबाजींनी चाचपत वाटीवर पालथा हात ठेवला.

"बास मला," ते म्हणाले. "आमच्यापायी सरकारांनी बाजार करायचा? बास झालं."

पंगतीत एकामागून एक हात वाट्यांवर गेले. मी पळी घेऊन तसाच वाकलेला.  तेवढ्यात दारातून राजेसाहेबांचा आवाज आला. ते कधी येऊन उभे राहिले होते ते कोणाच्या लक्षात आले नव्हते.

"वाढा, चिरंजीव," ते म्हणाले. "आणि बाबाजी, हात काढा. आम्ही भाव पाडून आणली आहे."

 मग दातांचा मागमूस नसलेले ते तोंड उघडले, आणि ते हसले, आणि त्यांनी हात काढला.